प्रकल्प नोंदी: दूध संघाचा बिलाचा सर्व्हर, सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९ वर

३ जून २०२४, सोमवार

आज कामाला हात घातला. संघाचा बिलाचा सर्व्हर सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, तो अल्मालिनक्स ९ या नव्या सिस्टिमवर न्यायचाय, आणि ३० जूनला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपतोय, म्हणजे त्यानंतर सिक्युरिटी पॅच येणार नाहीत. मार्चमध्येच लेखी कळवलं होतं, मंजुरी मे अखेरीला आली, त्यामुळे हातात चारच आठवडे.

या सर्व्हरवर काय चालतं ते आधी लिहून ठेवते. ४१ गावच्या संस्था, तीन हजारावर उत्पादक. गावात सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) याची नोंद होते, ती फाईल रात्री इथे येते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं, १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. गावात याला बिल कोणी म्हणत नाही, दुधाचा पगारच म्हणतात, आणि तो पगारच आहे, त्यावर पेंड येते, पोरांची फी जाते, किराणाची उधारी मिटते. म्हणून या कामात एकच अट मी स्वतःला घातलीय, नव्या सर्व्हरवरचं बिल जुन्याशी पैशाला पैसा जुळलं पाहिजे, आणि जिथे जुळणार नाही तिथे का नाही हे मला सांगता आलं पाहिजे.

मोजदाद केली. एकूण ५३ स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, त्यात ३१ शेल, १२ पर्ल, ९ पायथन या भाषांतल्या आणि १ कंपाइल केलेला प्रोग्रॅम ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुठेच सापडत नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, २२ चालतात, बाकीच्या ऑपरेटर हाताने चालवतो. बहुतेक सगळ्या माझ्या आधी हे काम बघणाऱ्या काकांनी लिहिलेल्या, ते आता निवृत्त होऊन गावी शेती बघतात, पण फोन केला की उचलतात.

जागच्या जागी अपग्रेड करायचा मार्ग आहे, एलिव्हेट नावाचं साधन ७ वरून ८ आणि ८ वरून ९ ला नेतं. पण मला जुना सर्व्हर जिवंत हवाय. तो बदलून टाकला तर उत्तर ताडून बघायला काही उरणार नाही. म्हणून नवीन व्हीएम (एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला सर्व्हर), कोरं इन्स्टॉलेशन, आणि दोन बिलांच्या फेऱ्या दोन्हीकडे समांतर. सचिव साहेबांना हे पटलं.

४ जून, मंगळवार

नवीन व्हीएम बूटच होईना. इन्स्टॉलर सुरू झाला की लगेच पॅनिक, स्क्रीनवर ओळ आली की सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला (प्रोसेसरला कळायला हव्या त्या सूचनांची एक पातळी) सपोर्ट करत नाही. आमचं हार्डवेअर इतकं जुनं नाही, मग लक्षात आलं की व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर व्हीएमचा सीपीयू प्रकार केव्हीएम६४ असा ठेवलेला, तो खूप जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतो आणि आतल्या ओएसला नव्या सूचना दिसतच नाहीत. ९ च्या पिढीला किमान व्ही२ लागतंच. प्रकार बदलून होस्ट, म्हणजे खऱ्या प्रोसेसरसारखा, केला, पहिल्या झटक्यात बूट झालं.

ऑफिसात आज सगळे मतमोजणीच्या टीव्हीसमोर, सर्व्हर रूममध्ये शांतता होती, काम भरपूर झालं.

५ जून, बुधवार

स्क्रिप्ट आणल्या, मुद्दाम काहीही न बदलता एकेक चालवली. जी मोडते ती कशी मोडते हे आधी बघायचं, मग दुरुस्ती.

पायथनच्या नऊच्या नऊ पहिल्या ओळीवरच आडव्या. जुन्यावर नुसतं पायथन म्हटलं की २.७ मिळायचं, नव्यावर त्या नावाचं काहीच नाही, पायथन ३ म्हणावं लागतं आणि ते ३.९ आहे. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, ९ च्या रेपोमध्ये (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) ते नाहीच. ट्रेनी म्हणाला मॅडम, पायथन नावाची लिंक पायथन ३ ला जोडून टाकू. नको म्हटलं. लिंक जोडली की स्क्रिप्ट सुरू होईल आणि आपल्याला वाटेल झालं, पण दोन्ही भाषांत तीच ओळ वेगळं उत्तर देऊ शकते. नऊच स्क्रिप्ट आहेत, एकेक वाचून हाताने नेऊ.

कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमचा किस्सा लिहून ठेवते कारण यात कोणीही फसेल. फाईल समोर दिसतेय, परवानग्या बरोबर, चालवली की उत्तर येतं नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. ट्रेनी अर्धा तास पाथ तपासत बसला. खरी गोष्ट अशी की जी फाईल सापडत नाहीये ती ही नाहीच, ही चालवायला लागणारा लोडर सापडत नाहीये. फाईल कमांडने बघितलं तर प्रोग्रॅम ३२ बिटचा निघाला, आणि कोऱ्या ६४ बिट सिस्टिमवर ३२ बिटचा लोडर नसतो. ग्लिबसीचं आय६८६, म्हणजे ३२ बिटचं, पॅकेज टाकलं आणि चालू. पण ३२ बिटचा आधार कायम मिळणार नाही, त्यामुळे हा प्रोग्रॅम पुन्हा लिहायच्या यादीत टाकला. तो काय करतो ते काकांना विचारायचंय.

७ जून, शुक्रवार

पर्लचा दिवस.

बारापैकी सात स्क्रिप्ट एकाच कारणाने बंद. सगळ्या दरपत्रकाची छोटी फाईल त्याच फोल्डरमधून उचलतात, आणि नवं पर्ल म्हणतंय सापडत नाही. पर्ल ५.२६ पासून लायब्ररी शोधायच्या यादीतून चालू फोल्डर काढून टाकलाय, सुरक्षेसाठी, कारण कोणीही त्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल ठेवून तुमच्या स्क्रिप्टकडून काहीही करून घेऊ शकतो. जुन्यावर ५.१६, नव्यावर ५.३२. जुनी वागणूक परत आणायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे पण मी सातही ठिकाणी पूर्ण पाथ लिहिला, वीस मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट मला जास्त विचारात टाकून गेली. टँकर रूटचा कागद. ही स्क्रिप्ट मोडली नाही, व्यवस्थित चालली, छान कागद निघाला. परत चालवली तर गावांचा क्रम वेगळा. तिसऱ्यांदा अजून वेगळा. पर्लमधला हॅश (नावागणिक माहिती ठेवायची यादी) क्रम पाळत नाही हे माहीत असतं, पण ५.१६ पर्यंत तीच गावं त्याच पद्धतीने भरली की दर वेळी तोच क्रम निघायचा. ५.१८ पासून तो मुद्दाम विस्कटलाय, दर वेळी नवा, तोही सुरक्षेसाठीच. म्हणजे जुन्या कागदावरचा क्रम कोणी ठरवलेला नव्हता, तो आपसूक पडला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला.

आणि लोकांनी त्याच्यावर आपलं काम बसवलं! आमचे शिपाई मामा बिलांचे गठ्ठे त्याच क्रमाने लावतात, टेबलावर चार रांगा, कुठलं गाव कुठे हे बघावं लागत नाही. मी दुपारी त्यांना नवा कागद दाखवला, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ताई, ह्यात आमची पहिली डेअरी खाली कशी गेली?" मी जुन्या कागदावरून ४१ गावांना क्रमांक दिले आणि स्क्रिप्टला त्या क्रमांकाने लावायला सांगितलं. आता तो क्रम खरंच ठरवलेला आहे.

१० जून, सोमवार

डेटाबेस, मारियाडीबी, ५.५ वरून १०.५. डेटा डंप करून भरला, फाईली उचलून नाही ठेवल्या. एवढ्या मोठ्या उडीत नवा डंपच बरा.

रात्रीची आवक भरणारी स्क्रिप्ट एररने थांबली, फॅटच्या रकान्यात रिकामी जागा चालणार नाही म्हणते. नव्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न बसणारी माहिती सरळ नाकारणं, आपोआप चालू असतो. जुनी रिकाम्या जागेचा गुपचूप शून्य करून पुढे जायची. लाईट गेली, मशीन बंद पडलं की गावातून फॅट रिकामंच येतं, आणि पुढची एक स्क्रिप्ट शून्य फॅटवाल्या नोंदी बाजूला काढून तपासणी यादीत टाकते, म्हणजे कुणाच्या दुधाला शून्य फॅटचा दर लागत नाही. ती साखळी तुटायला नको. स्ट्रिक्ट मोड बंद न करता भरतानाच रिकाम्याला नल (माहितीच नाही अशी खूण) केलं आणि तपासणीच्या स्क्रिप्टला नल ओळखायला शिकवलं.

११ जून, मंगळवार

पहिली समांतर फेरी, १ ते १० जूनचं बिल. जुन्यावर खरं बिल, नव्यावर तालीम.

जुना: ३,०८६ बिलं. नवा: २,६१४.

४७२ माणसं गायब आणि एकही एरर नाही. लॉग स्वच्छ, शेवटी काम पूर्ण असा संदेश. मला हे बघून पोटात गोळा आला, कारण समांतर फेरी नसती आणि थेट नव्यावरून बिल काढलं असतं तर ४७२ घरांना पगारच नाही, आणि आम्हाला ते कळलं असतं गावातून फोन आल्यावर.

रात्री साडेनऊपर्यंत बसले. गायब झालेले सगळे तीनच संस्थांचे, १४, २२ आणि ३७. संस्था १४ मध्ये जुन्यावर २१२, नव्यावर ९. नऊच का? उद्या.

१२ जून, बुधवार

सापडलं. हे सविस्तर लिहिते.

सभासद यादी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आहे आणि शेल स्क्रिप्ट ग्रेप या शोधायच्या कमांडने त्यातून त्या त्या संस्थेच्या ओळी काढते. आठ नंबरची स्क्रिप्ट, चौथी ओळ. ती ओळ एकटी हाताने चालवली, तर नऊ नावं आली आणि खाली एक वाक्य आलं, बायनरी फाईल मॅचेस. स्क्रिप्टमध्ये हे वाक्य कधी दिसलंच नाही कारण नवं ग्रेप ते एरर आउटपुटवर पाठवतं आणि स्क्रिप्टमध्ये एरर आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं जिथे नाहीसं होतं तिथे, सोडलेलं.

पण टेक्स्ट फाईलला बायनरी का म्हणतंय? फाईल हेक्समध्ये, म्हणजे बाइटच्या आकड्यांत, उघडली. पहिल्या नऊ जणांची नावं इंग्रजी अक्षरात, मध्यंतरी केवायसी करताना परत टाकलेली. दहाव्या ओळीत नावाच्या जागी १६१ च्या वरचे बाइट. बघता बघता ओळखलं, हे इस्की आहे! युनिकोड घराघरात पोचायच्या आधी डॉसवर मराठी याच कोडने चालायचं, पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट कार्डं लावून, १९९१ चं भारतीय प्रमाणक आहे ते. या तीन संस्था सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर आल्या, त्यांच्या फाईली तेव्हापासून तशाच पुढे नेल्या गेल्या. बाकीच्या ३८ नंतर आल्या, त्यांची नावं इंग्रजीत किंवा युनिकोडमध्ये.

आता जुळतं. स्क्रिप्टच्या दुसऱ्याच ओळीत लोकेल, म्हणजे अक्षरं कुठल्या कोडने वाचायची ते, यूटीएफ-८ (युनिकोडचं) केलेलं आहे. यूटीएफ-८ च्या नियमाने इस्कीचे बाइट म्हणजे अवैध अक्षरं. जुन्यावरचं ग्रेप २.२० आहे, त्याला असल्या बाइटचं काही वाटायचं नाही, ओळ जशीच्या तशी छापायचं. २.२१ पासून ग्रेप अशा बाइटना बायनरी समजायला लागलं, आणि आमच्या नव्या ३.६ मध्ये छापायची ओळ अशी निघाली की ते तिथेच थांबतं, त्या फाईलमधलं पुढचं काहीच देत नाही. म्हणून पहिले नऊ आले आणि दहाव्यापासून २०३ जण गेले.

दुरुस्ती एका अक्षराची, ग्रेपला ए पर्याय दिला की फाईल टेक्स्टच धर. सगळ्या ३१ शेल स्क्रिप्ट शोधून १९ ठिकाणी घातला. आणि डेव्ह-नल काढला, सगळीकडून. एरर आउटपुट आता लॉगमध्ये जातं. माझ्या मते या अख्ख्या कामातला सगळ्यात धोकादायक शब्द तोच होता, काकांनी त्या वेळी क्रॉनचे नको ते मेल थांबवायला घातलेला, त्यांची काही चूक नाही, पण खरं वाक्य तिथेच गडप होत होतं.

परत चालवलं. ३,०८६.

संध्याकाळी काकांना फोन केला, इस्कीचं सांगितलं. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं ती नावं मी स्वतः टाइप केलीत. संस्थेचं रजिस्टर मांडीवर घेऊन. त्यातले निम्मे आता नाहीत, त्यांची पोरं दूध घालतात." मग मी ठरवलं की ही नावं पुसून इंग्रजीत करायची नाहीत, इस्कीतून युनिकोडमध्ये न्यायची, मराठीतच. काना-मात्रा सकट.

१४ जून, शुक्रवार

माणसं जुळली, आता रक्कम. ३,०८६ पैकी १७ बिलांत फरक, प्रत्येकी बरोबर एक रुपया, आणि सतराही ठिकाणी नवीन बिल कमी.

पायथनच्या स्क्रिप्ट मी टू-टू-थ्री (पायथन २ चा कोड ३ चा करणारं साधन) लावून आणि मग हाताने तपासून नेल्या होत्या. ते साधन प्रिंट सुधारतं, डिक्शनरीच्या जुन्या पद्धती सुधारतं, पण दोन गोष्टींना हात लावत नाही, भागाकार आणि राउंड, म्हणजे रक्कम पूर्णांकात बसवणं. आज राउंडने गाठलं.

सतरा बिलं समोर मांडली तर सगळ्यांची रक्कम ५० पैशांवर संपणारी. १,४८२.५० चं जुन्यात १,४८३ आणि नव्यात १,४८२. पण १,४८३.५० चं दोन्हीकडे १,४८४. पायथन २ मध्ये अर्धा नेहमी वर जायचा. पायथन ३ मध्ये अर्धा जवळच्या सम आकड्याकडे जातो, मोठ्या बेरजांत एकाच बाजूला झुकाव होऊ नये म्हणून ही पद्धत वापरतात आणि ती चुकीची नाही. पण आमच्या बिलाच्या तळाला काय छापलंय? "५० पैसे व त्यावरील रक्कम पुढील रुपयात." हा संघाने उत्पादकाला दिलेला शब्द आहे, तो ऑपरेटिंग सिस्टिम बदलली म्हणून बदलणार नाही.

ट्रेनी म्हणाला, मॅडम सतरा रुपयांसाठी दोन दिवस? त्याला खाली संकलनाच्या खिडकीवर नेलं. एक आजी दीड लिटर दूध घालून पावती दोनदा वाचून घेत होत्या. परत वर येईपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मग स्वतःच म्हणाला की डेसिमल वापरूया.

डेसिमल मॉड्यूल, दशांशाचा तंतोतंत हिशेब करणारं, घातलं, अर्धा वर असा स्पष्ट नियम लिहिला. सतराही जुळले. आणि नवीन चार बिलं बिघडली, या वेळी उलट्या दिशेने, नवीन एक रुपयाने जास्त!

१५ जून, शनिवार

सुट्टी होती तरी आले, डोक्यातून जात नव्हतं.

चार बिलं हाताने केली, कागदावर, वीस नोंदींची बेरीज. चारही ठिकाणी बरोबर ५० पैसे येतात, म्हणजे नवीन बिल बरोबर आणि जुनं चूक. जुनी स्क्रिप्ट फ्लोटमध्ये हिशेब करायची. फ्लोटमध्ये दशांश अपूर्णांक तंतोतंत बसत नाहीत, ४.३५ ला १०० ने गुणलं तरी ४३५ येत नाही, ४३४.९९९ असं काहीतरी येतं. तसंच वीस नोंदींची बेरीज .५० ऐवजी .४९९९९ वर थांबली की राउंडने खाली ढकललं. चार घरांचा एकेक रुपया, आणि हे दर दहा दिवसांनी कुणा ना कुणाचं होत आलंय.

तर माझी पैशाला पैशाची अट इथे पुरत नाही. जुन्याशी जुळणं हे ध्येय धरलं तर चूक जपावी लागेल. मी चारही बिलांचा हाताने केलेला हिशेब जोडून हिशेब विभागाला मेल केला की नव्याची रक्कम धरावी.

नंतरची भर: १७ तारखेला बकरी ईदची सुट्टी, १८ ला त्यांचं उत्तर: नवीन धरा.

१८ जून, मंगळवार

भागाकार. हा निदान एरर देऊन मोडला.

फॅट आम्ही दहापट करून पूर्णांकात ठेवतो, ३.८ म्हणजे ३८. एखाद्या नमुन्याची दोनदा टेस्ट झाली की सरासरी काढतात. ३८ आणि ३९, बेरीज ७७, भागिले २. पायथन २ मध्ये ३८. पायथन ३ मध्ये ३८.५, आणि दरपत्रकात ३८.५ नावाचा रकानाच नाही, म्हणून स्क्रिप्ट थांबली. दोन तिरक्या रेघांचा भागाकार लिहिला की जुनं उत्तर परत येतं, आणि आत्तापुरतं तेच लिहिलंय.

पण हे नीट वाचा. अर्धा पॉइंट नेहमी खालीच गेलाय, उत्पादकाच्या विरुद्ध. दरपत्रकात एका पॉइंटला ३० पैसे लिटरमागे. स्क्रिप्टवरची तारीख २०११ ची. काकांना विचारलं, हा नियम होता का? म्हणाले, "नियम कुठला, मी मशीनला सरासरी काढ म्हटलं, त्याने काढली. तू सांगतेस तेव्हा कळतंय मला." आवाजात त्यांना लागलेलं कळत होतं. मी म्हटलं काका, तुम्ही नसतात तर हे बिलच निघालं नसतं इतकी वर्षं.

हे मी एकटीने बदलायचं नाही. वर न्यायचं की जवळच्या पॉइंटला, की ३८.५ ला मधला दर द्यायचा, हा संचालक मंडळाचा निर्णय आहे. दोन पानी टिपण लिहिलं, गेल्या तीन बिलांत किती नोंदींना हे लागू झालं त्याची यादी जोडली आणि सचिव साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, माझ्यासमोर.

१९ जून, बुधवार

चिलिंग सेंटरच्या चार मशिनांवरून फाईली येत नाहीत. तीन सेंटरना नवीन की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) बनवून दिल्यावर सुटलं. चौथं सेंटओएस ६ वर आहे, त्याची होस्ट की जुन्या एसएसएच-आरएसए पद्धतीची, म्हणजे शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर सही. ९ मध्ये शा-१ च्या सह्या मुळातूनच बंद आहेत, एसएसएचच्या (दोन मशिनी सुरक्षितपणे जोडायच्या पद्धतीच्या) सेटिंगमध्ये परवानगी देऊन भागत नाही, अख्ख्या मशीनची क्रिप्टो पॉलिसी, म्हणजे सुरक्षेचे नियम, सैल करावी लागते. एका सेंटरसाठी बिलाच्या सर्व्हरचं दार उघडं ठेवणार नाही. जुना सर्व्हर दोघांशीही बोलू शकतो, त्यामुळे त्या सेंटरची मशीन बदलेपर्यंत फाईल जुन्यावर येईल आणि नवा तिथून उचलेल. जुन्याचं इंटरनेट पूर्ण तोडलं, फक्त आतलं नेटवर्क.

फाईली पाठवायची एससीपी कमांड पण आता आतून एसएफटीपी ही दुसरी पद्धत वापरते, दोन स्क्रिप्टमध्ये स्टार लावलेली नावं नीट जाईनात, तिथे त्याऐवजी आरसिंक ही कमांड केली.

२१ जून, शुक्रवार

दुसरी समांतर फेरी. ३,०९१ आणि ३,०९१. रकमेत तीन बिलांचा फरक, तिन्ही फ्लोटवाले, तिन्ही हाताने ताडले, नवं बरोबर.

एक उणीव राहिली होती. बिल झालं की हिशेबाला मेल जातो, तो गेला नाही. जुनी मेल कमांड ९ मध्ये नाही, तिच्या जागी एस-नेल आहे. टाकलं, सेटिंग नव्याने लिहिली. आणि उलटही केलं, सकाळी सातपर्यंत ठीक असल्याचा मेल आला नाही तर दुसऱ्या मशीनवरून मला एसएमएस. मेल न येणं ही पण बातमी असते.

हिशेबाच्या मॅडम वटपौर्णिमेच्या पूजेला लवकर गेल्या, जाण्याआधी दोन्ही बेरजांवर सही करून गेल्या.

१ जुलै, सोमवार

काल ३० तारीख झाली. आज नव्या सर्व्हरवरून पहिलं खरं बिल, २१ ते ३० जून. शनिवारी रात्री भारताने वर्ल्ड कप जिंकला, आज सगळ्यांचे आवाज बसलेले, पण सहा वाजता सगळे हजर.

६:१० ला सुरू, ६:३१ ला संपलं, जुन्यावर पाऊण तास लागायचा. ३,०८८ बिलं. लॉगमध्ये दोन इशारे, दोन्ही वाचले, दोन्ही गावांतून फॅट रिकामं आल्याचे, तपासणी यादीत बरोबर गेलेले. डॉट मॅट्रिक्सवर छपाई सुरू झाली तेव्हा मामा गठ्ठे लावायला उभे राहिले, पहिलं गाव पहिलं आलं. संस्था १४ ची नावं पहिल्यांदा युनिकोड मराठीत छापली गेली. एका नावात रफार चुकीच्या अक्षरावर बसला होता, मामांनीच दाखवला, दुरुस्त करून ते एक पान परत काढलं.

१२ जुलै, शुक्रवार

कालचं बिल पण नव्यावरून, काही घडलं नाही.

चौथ्या सेंटरची मशीन आज बदलली, जाऊन-येऊन १३० किलोमीटर, वाटेत धो धो पाऊस. फाईल थेट नव्यावर आली. म्हणजे जुन्याकडे आता काही काम उरलं नाही. त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत दोन ठिकाणी ठेवली, त्यातली एक उघडून बघितली, आणि ५:४० ला व्हीएम बंद केली. बंद करायच्या आधी काकांना फोन लावला होता. "कर बंद," म्हणाले, "पण त्या ३२ बिटवाल्याचा सोर्स माझ्याकडे एका फ्लॉपीवर असेल, रविवारी माळा बघतो."

उरलेलं: तो प्रोग्रॅम पुन्हा लिहिणं, इस्कीच्या उरलेल्या दोन संस्था, आणि अर्ध्या पॉइंटचा विषय, जो येत्या सभेच्या अजेंड्यावर नऊ नंबरला आहे. मला हजर राहायला सांगितलंय, यादी घेऊन जाणार आहे.